अंगणातले शेजारी (लेखांक ९) : जेठातला कावळा, भादव्यातला कावळा

मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या काकू सांडग्यांचं ताट घेऊन गच्चीवर गेल्या आणि डोक्याला पदर लावून खाली आल्या. कावळ्यानं टोच मारली होती. ‘कावळा शिवला’ म्हणून त्यांनी भर दुपारी डोक्यावरून अंघोळ केली, देवापुढं दिवा लावला, तरी दिवसभर त्यांची हुरहुर गेली नाही. मी वर जाऊन बघितलं. टाकीच्या आडोशाला एक पिल्लू बसलं होतं. शेपूट आखूड, चोच उघडली की आतून लालभडक. घरट्यातून उतरलेलं, पण धड उडता न येणारं. आणि वर लिंबाच्या फांदीवर त्याचे आईबाप. काकूंना टोच बसली ती या लेकरापायी. पिल्लू नीट उडायला लागलं, तसे कावळेही निवळले.

आपल्याकडचा हा मानेभोवती राखाडी पट्टा असलेला गावकावळा. चैत्र सरता सरता तो काटक्या गोळा करू लागतो. बाभळीच्या काटक्या, बांधकामावरचे तारेचे तुकडे, काथ्या, जे मिळेल ते. चार-पाच अंडी, सोळा-सतरा दिवस उबवण, मग तीन-चार आठवडे पिल्लांची भूक. म्हणजे सगळा संसार सोलापूरच्या ऐन उन्हाळ्यात. पारा ४३-४४ वर गेलेला असतो. दुपारी कावळे चोच उघडी टाकून, गळा थरथरवत सावलीत बसतात. पक्ष्यांना घाम येत नाही, अंगातली उष्णता ते अशीच बाहेर टाकतात.

याच दिवसांत मी गच्चीवर पाण्याचं पसरट भांडं ठेवतो. एका सकाळी कावळ्यानं कुठून तरी कडक भाकरीचा तुकडा आणला, पाण्यात टाकला, बाजूला सरकून थांबला. चोचीनं दाबून पाहिला, पुन्हा बुडवला. मऊ झाल्यावरच घेऊन लिंबाकडे उडाला. आपण आमटीत कडक भाकरी चुरतो, त्यामागंही हेच शहाणपण आहे. तेव्हापासून भांड्याचं पाणी मी रोज बदलतो, कारण तळाशी भाकरीचा लगदा साठतो.

कोकिळा कावळ्याच्या घरट्यावर टपून असते. काळा कोकीळ घरट्याजवळ ओरडून कावळ्यांना अंगावर घेतो, तेवढ्यात ठिपकेदार मादी अंडं घालते. तिचं अंडं कावळ्याच्या अंड्याआधी दोन-तीन दिवस फुटतं, त्यामुळं तिच्या पिल्लाला भरवण्यात आघाडी मिळते. पावसाळ्याच्या सुरुवातीला अंगावर पांढुरके ठिपके असलेल्या पोराला कावळीण भरवताना दिसली, तर जरूर थांबून बघा.

कावळ्यानं घरटं कुठल्या झाडावर बांधलं यावरून पाऊसमान सांगायची रीत आपल्याकडे जुनी आहे. काटेरी झाडावर बांधलं तर पाऊस कमी, आंब्यासारख्या झाडावर बांधलं तर चांगला, असं जुनी माणसं सांगतात. १९३२ साली सोलापुरात जन्मलेल्या आणि २०२५ च्या जूनमध्ये सोलापुरातच देह ठेवलेल्या पक्षी-अभ्यासक, लेखक मारुती चितमपल्ली यांनी असं लोकज्ञान आयुष्यभर आस्थेनं गोळा केलं. मला वाटतं, ते मानायच्या किंवा झटकायच्या आधी आपल्या गल्लीतलं झाड आणि त्या वर्षीचा पाऊस वहीत लिहून ठेवावा. दहा वर्षांची वही झाली की मग बोलावं.

आता पितृपक्ष. ‘कावळा शिवत नाही’ म्हणून ताटाजवळ ताटकळलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं दुःख खरं असतं, म्हणून हे सांगावंसं वाटतं. भादव्यात पिल्लं मोठी झालेली असतात, त्यामुळं एका झाडाला बांधून राहायची गरज उरत नाही. जुनी पिसं गळून नवी येत असतात. पावसानं हिरव्या झालेल्या शिवारात किडे भरपूर. त्यात आपण ताट मांडतो ते भर दुपारी, आणि कावळ्याची चरायची वेळ असते सकाळ नाहीतर संध्याकाळ. शिवाय त्या दिवशी गल्लीत दहा ताटं असतात. पोट भरलेला कावळा तुमच्या ताटावर उतरला नाही, म्हणून गेलेलं माणूस रुसलं असं मनाला लावून घेऊ नका.

थंडीत कावळे एकत्र झोपायला जातात. संक्रांतीच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत दिवस मावळताना आमच्या गच्चीवरून थव्यामागून थवे एकाच दिशेनं जातात. मागच्या जानेवारीत मी मोजायला बसलो, दोनशेपर्यंत आलो आणि अंधार पडला.

पुढच्या आठवड्यात साळुंकी.