आधी कोणाला कळवायचे? – संगणकातील सूचनांचा क्रम



मागच्या महिन्यात संगणकाच्या बाई रजेवर होत्या, म्हणून नववीचा एक तास मी घेतला. एका मुलीने विचारले, "सर, फाईल उघडली की व्हायरस तपासणारा प्रोग्रॅम ती आधी बघतो की आपण?" मी म्हणालो, "तो आधी बघतो." लगेच तिचा दुसरा प्रश्न आला, "पण त्याला कोण सांगतो? आणि दोन-तीन प्रोग्रॅमना सांगायचे असेल तर पहिल्यांदा कोणाला?"

याचे उत्तर मला त्या तासाला देता आले नाही. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आणि आमच्या वेळी कॉलेजात संगणक फक्त काचेच्या दाराआड दिसायचा. पण प्रश्न चांगला होता, म्हणून वाचून, विचारून उत्तर शोधले. ते सर्वांच्या उपयोगाचे वाटले, म्हणून इथे देत आहे.

बदाम फोडला की आत गर निघतो. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अशाच गाभ्याला 'कर्नेल' म्हणतात. फाईल उघडणे, वाचणे, लिहिणे, पुसणे ही सर्व कामे कर्नेलच्या हातूनच होतात. म्हणून फाईलला कोणी हात लावला, हे सर्वांत आधी त्यालाच कळते. आपण उदाहरण घेऊ लिनक्सच्या कर्नेलचे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने ते 1991 साली सुरू केले. अँड्रॉइडचे मोबाईलसुद्धा याच कर्नेलवर चालतात.

फाईलमध्ये बदल झाला की प्रोग्रॅमना कळवण्याची सोय लिनक्समध्ये टप्प्याटप्प्याने आली. 2005 मध्ये 'आयनोटिफाय' आले. आपण फोल्डर उघडून बसलो असताना त्यात नवी फाईल आली तर ती आपोआप दिसते, ते अशा सूचनेमुळे. पण ही सूचना घडून गेल्यावर मिळते. चोर आत गेल्यावर चौकीदाराला चिठ्ठी मिळावी, तसे. व्हायरस तपासणाऱ्याला याचा उपयोग कमी.

म्हणून पुढे 'फॅनोटिफाय' आले. 2011 च्या जानेवारीत निघालेल्या कर्नेलच्या आवृत्तीपासून ते वापरात आहे. यात सूचना घेणारा प्रोग्रॅम फक्त ऐकत नाही, तो परवानगी देतो किंवा नाकारतो. तुम्ही फाईल उघडायला सांगितले की कर्नेल तुमचा प्रोग्रॅम थांबवून धरतो, तपासनिसाला विचारतो, आणि 'हो' आले तरच फाईल हाती देतो. क्लॅमएव्ही हा व्हायरस तपासणारा प्रोग्रॅम लिनक्सवर याच सोयीचा वापर करतो. एवढा मोठा अधिकार वाटेल त्या प्रोग्रॅमला मिळत नाही, त्यासाठी प्रशासकाची परवानगी लागते.

आता त्या मुलीचा खरा प्रश्न. सूचना घेणारे अनेक असतील तर क्रम कोणता? हे समजण्यासाठी आपल्या कार्यालयातले प्रवेशाचे काम आठवा. अर्ज आला की पहिले काम असते कागद पूर्ण करण्याचे, म्हणजे जन्मदाखला, जुन्या शाळेचा दाखला, फोटो जोडण्याचे. दुसरे काम तपासणीचे. तिसरे काम दाखिल-खारिज रजिस्टरात नोंद करून यादी फलकावर लावण्याचे. समजा तपासणाऱ्या गुरुजींनी कागद जोडण्याआधीच रिकाम्या पाकिटावर 'तपासले' असा शिक्का मारला, आणि नंतर त्यात भलताच दाखला कोणी टाकला. शिक्का खरा, तपासणी झालेली, तरी काम फुकट. उलट सर्वांचा तपासणीवर विश्वास बसल्यामुळे नुकसान जास्त.

संगणकातही नेमके हेच होऊ शकते. मोठ्या संस्थांत क्वचित लागणाऱ्या फाईली स्वस्त आणि संथ साठ्यात, जसे टेपवर, ठेवतात. मुख्य डिस्कवर नुसते नाव राहते. कोणी फाईल मागितली की एक प्रोग्रॅम मजकूर परत आणून भरतो. त्याच्या आधी व्हायरसचा तपासनीस आला, तर तो रिकामे पाकीट पाहून 'निर्दोष' म्हणेल आणि मजकूर मागाहून येईल.

हे टाळण्यासाठी फॅनोटिफायमध्ये तीन वर्ग केलेले आहेत. पहिल्या वर्गात मजकूर भरणारे. दुसऱ्या वर्गात पूर्ण झालेला मजकूर तपासणारे. तिसऱ्या वर्गात फक्त बातमी घेणारे. तिसऱ्या वर्गाला परवानगी नाकारण्याचा अधिकार नाही, आणि आयनोटिफायवाले याच शेवटच्या पायरीवर बसतात. कर्नेल पहिल्या वर्गाला आधी विचारतो, मग दुसऱ्याला, शेवटी तिसऱ्याला कळवतो. मध्येच कोणी 'नाही' म्हटले तर त्या परवानगीची विचारणा तिथेच थांबते. एकाच वर्गात दोन प्रोग्रॅम असतील तर त्यांच्यात आधी कोण, याची मात्र काही हमी नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा असेल तर योग्य वर्ग निवडणे ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे.

नियम केला म्हणजे तो पाळला जातोच असे नाही, हेही या गोष्टीत दिसते. एखाद्या फाईलवर लक्ष ठेवणाऱ्यांची एक यादी असते आणि सबंध जोडलेल्या डिस्कवर लक्ष ठेवणाऱ्यांची दुसरी. सूचना देताना कर्नेलला दोन्ही याद्या एकत्र करून क्रमाने जायचे असते. पण याद्या लावताना एक रीत वापरली जात होती आणि एकत्र करताना दुसरी. त्यामुळे क्रमाची खात्री राहिली नाही, आणि 'ही फाईल सोडून द्या' असे सांगितलेले असूनही काही वेळा ते ऐकले जात नव्हते. 2014 मध्ये हा दोष दुरुस्त झाला. उपाय साधा होता: दोन्ही ठिकाणी तुलनेची एकच रीत. हजेरी एका वर्गात आडनावाने आणि दुसऱ्यात नावाने लावली, तर दोन्ही जुळवताना गोंधळ होणारच.

काम अजून चालू आहे. 2025 च्या मार्चमध्ये आलेल्या 6.14 या आवृत्तीत पहिल्या वर्गासाठी नवी सूचना आली. फाईल उघडतानाच नव्हे, तर तिचा कोणता भाग वाचला जाणार आहे हे वाचण्याआधीच सांगणारी. त्यामुळे सबंध मोठी फाईल न आणता हवा तेवढाच भाग आणता येतो.

परवानगी मागण्याची किंमतही आहे. उत्तर येईपर्यंत फाईल मागणारा ताटकळतो आणि तपासनीस अडकला तर तोही अडकतो. म्हणून उत्तर लवकर देणे हा तपासनिसाचा धर्म.

पालकांनी आणि आम्ही कार्यालयातल्यांनी यातून एक गोष्ट घ्यावी. कोणत्याही कागदाबद्दल, पेन ड्राईव्हबद्दल "तपासले का?" एवढे विचारून भागत नाही. "केव्हा तपासले, त्यानंतर त्यात काही भरले का?" हेही विचारले पाहिजे.

नववीच्या त्या विद्यार्थिनीला तिचे उत्तर उशिरा का होईना मिळाले असेल. तिने असेच प्रश्न विचारत राहावे, आणि इतरांनीही. ज्याचे उत्तर मला येत नसेल, त्यासाठी मी पुन्हा विद्यार्थी व्हायला तयार आहे.

आपला,
प्राचार्य