वाहत्या समुद्रबर्फाचा अभ्यास

उत्तर ध्रुवाभोवतीचा समुद्र, त्यावरील बर्फ आणि वारा यांचा एकत्रित विचार करून नॉर्वेचे शास्त्रज्ञ फ्रित्यॉफ नान्सेन यांनी ध्रुवीय संशोधनाला नवी दिशा दिली. १८८१ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेस बुडालेल्या ‘जीनेट’ जहाजाचे अवशेष तीन वर्षांनी ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर सापडले, तेव्हा समुद्रबर्फ, म्हणजे समुद्राचे पाणी गोठून बनणारा तरंगता थर, ध्रुवीय प्रदेश ओलांडून वाहत असावा, असे अनुमान त्यांनी काढले. आणि ते पडताळण्यासाठी १८९३ मध्ये ‘फ्राम’ हे भक्कम जहाज मुद्दाम बर्फात गोठू दिले.

१८९६ मध्ये स्पिट्सबर्गेनजवळ बाहेर पडलेल्या या जहाजावरील नोंदींमुळे ध्रुवीय समुद्र अतिशय खोल असून त्याच्या थंड पृष्ठजलाखाली अटलांटिकमधून आलेल्या उबदार पाण्याचा थर आहे, हे स्पष्ट झाले. शिवाय बर्फ वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे २० ते ४० अंशांनी सरकतो, असेही आढळले. पृथ्वीच्या परिवलनामुळे गतिमान वस्तूचा मार्ग वळतो, यास कोरिऑलिस परिणाम म्हणतात. त्याच्या आधारे स्वीडनचे एकमन यांनी १९०५ मध्ये असे दाखवले, की वाऱ्याने ढकललेला पाण्याचा प्रत्येक थर खालच्या थराला ओढतो आणि खोलीनुसार प्रवाह मंदावत अधिकाधिक वळत जातो.

२०१९-२० मध्ये ‘पोलारस्टर्न’ या जर्मन जहाजाने बर्फासोबत वाहण्याची हीच पद्धत पुन्हा अवलंबली. समुद्रबर्फ झपाट्याने घटत असताना अशी प्रत्यक्ष निरीक्षणे अत्यंत मोलाची आहेत, कारण त्यांच्याविना हवामानाचे भाकीत विश्वासार्ह ठरणार नाही.