कर्नेलमध्ये डोकावायचे, पण कोणत्या खिडकीतून?

बँकेचा सर्व्हर ऐन गर्दीच्या वेळी संथ होतो. प्रोसेसरवर फारसा भार नाही, मेमरी शिल्लक आहे, डिस्कही ठणठणीत आहे. तरीही काम पुढे सरकत नाही. अशा वेळी ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, डोकावण्यावाचून गत्यंतर नसते. कोणत्या प्रोग्रॅमने काय मागितले, त्याला कोठे व किती वेळ थांबावे लागले, याची क्षणाक्षणाची नोंद ठेवणाऱ्या साधनांना ट्रेसिंगची साधने म्हणतात. या साधनांना कर्नेलने आत किती येऊ द्यावे, यावर लिनक्सच्या जगात गेली दोन दशके वाद चालू आहे.

सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये सोलारिस १० बरोबर ‘डीट्रेस’ दिले. चालत्या यंत्राला ते बंद न करता प्रश्न विचारता यावेत आणि त्या विचारण्याने यंत्र कोसळू नये, हे त्याचे सूत्र होते. लिनक्सकडे तेव्हा याला तोड नव्हती. त्याच वर्षी सुरू झालेला ‘सिस्टिमटॅप’ वापरकर्त्याच्या सूचनांपासून मॉड्यूल तयार करून ते थेट कर्नेलमध्ये घालत असे. साधन समर्थ होते; पण त्याला कर्नेलच्या त्याच आवृत्तीची तपशीलवार माहिती लागे, आणि चूक झालीच तर तिची झळ संपूर्ण यंत्राला पोहोचण्याचा धोका होता.

२००८ मध्ये ‘एफट्रेस’ कर्नेलमध्येच समाविष्ट झाले. त्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. कर्नेल तयार करतानाच त्यातील बहुतेक फंक्शनांच्या आरंभी एक जागा राखून ठेवली जाते. एरवी तेथे ‘काहीही करू नको’ एवढीच सूचना असते. ट्रेसिंग सुरू करताच तिच्या जागी नोंद घेणारी सूचना येते. त्यामुळे ट्रेसिंग बंद असताना त्याचा भार जवळजवळ जाणवत नाही. शिवाय हे सारे साध्या मजकुराच्या फाइलींतून चालवता येते, वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही.

खरी ठिणगी पडली ती २०११ मध्ये. लिनक्समधील ‘मोठे कर्नेल कुलूप’ ही जुनी व्यवस्था त्या वर्षी काढून टाकण्यात आली. ट्रेसिंगच्या प्रत्येक नोंदीत त्या कुलपाविषयीचा एक रकाना होता. तो आता निरर्थक ठरल्याने गाळला गेला. त्याबरोबर ‘पॉवरटॉप’ हे लॅपटॉपची वीज कोण खाते ते सांगणारे साधन बिघडले. नोंदीतील कोणता रकाना कोठे आहे, हे सांगणारी वर्णनाची फाइल कर्नेल पुरवत होता. पॉवरटॉपने ती वाचलीच नव्हती; सर्व जागा आपल्या मनाशी पक्क्या धरून ठेवल्या होत्या. दोष उघडच पॉवरटॉपचा! पण ‘चालू प्रोग्रॅम मोडायचे नाहीत’ हा लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडक. तेव्हा गाळलेल्या रकान्याच्या जागी ४ बाइटची निव्वळ रिकामी भर घालावी लागली. पुढे पॉवरटॉप सुधारल्यावर ती निघाली. तोवर प्रत्येक नोंद हे ओझे वाहत होती.

दंडक योग्यच आहे, कारण वापरकर्त्याला दोष कोणाचा याच्याशी कर्तव्य नसते. मात्र त्याची किंमत वेगळ्याच ठिकाणी मोजावी लागली. आज उघडलेली खिडकी उद्या बुजवता येणार नाही, या धास्तीने काही देखभालकर्त्यांनी आपल्या विभागात ठरावीक ट्रेसबिंदू बसवू देण्यासच नकार दिला. फाइलव्यवस्थेच्या सामाईक थराचे देखभालकर्ते अल व्हायरो त्यांपैकीच एक. म्हणजे जेथे पाहण्याची निकड मोठी, नेमकी तेथेच खिडकी नाही.

यावर निघालेली वाट म्हणजे ‘ईबीपीएफ’. २०१४ अखेरच्या लिनक्स ३.१८ पासून वापरकर्त्याला आपला छोटा प्रोग्रॅम कर्नेलकडे सोपवता येऊ लागला. तो चालवण्यापूर्वी कर्नेल स्वतः तपासतो: कधीच न संपणारे चक्र नाही ना, परक्या मेमरीला हात लागत नाही ना. पुढच्याच वर्षी असे प्रोग्रॅम कर्नेलच्या फंक्शनांना जोडण्याची सोय झाली. येथे अट स्पष्ट आहे. ठरावीक ट्रेसबिंदू टिकतील अशी अपेक्षा ठेवता येते. पण फंक्शनाला परस्पर जोडलेला प्रोग्रॅम पुढच्या आवृत्तीत चालेलच, असे वचन कर्नेल देत नाही. त्याऐवजी तो आपल्या अंतर्गत रचनेचे वर्णन सोबत देतो आणि प्रोग्रॅम दाखल होताना रकान्यांच्या जागा त्यावरून जुळवून घेतल्या जातात. रकाना सरकला तर त्यामुळे निभावते. तो नाहीसा झाला, वा फंक्शनाचे नावच बदलले, तर साधन लिहिणाऱ्यालाच पुन्हा कामाला बसावे लागते.