धानाच्या माळ्याला फळ्या कोणत्या घ्याल?



धानाचं चुरणं आटोपलं की कट्टे माळ्यावर चढतात. चाळीस किलोचा एक कट्टा धरला, तर पन्नास कट्ट्यांचं ओझं वीस क्विंटल होतं. त्याच माळ्याखाली आपली लेकरं निजतात. म्हणून माळ्याचं लाकूड घेताना नुसतं नाव आणि भाव पाहून भागत नाही. दरेकसा आणि सालेकसा भागात अनेक जातींचं लाकूड मिळतं. त्यातलं नेमकं कोणतं घ्यावं, ते पाहू.

जात कोणती?

देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत निरनिराळ्या लाकडांच्या गाभ्याचे खुंट जमिनीत पुरून ते किती वर्षं टिकतात, हे तपासलेलं आहे. दहा वर्षांहून जास्त टिकणारं लाकूड पहिल्या श्रेणीत, पाच ते दहा वर्षं टिकणारं दुसऱ्या आणि त्याहून कमी टिकणारं तिसऱ्या श्रेणीत येतं. साग आणि बिजा पहिल्या श्रेणीत आहेत, ऐन दुसऱ्या आणि आंबा, सेमल, सालई तिसऱ्या. घरात, कोरड्यात लाकूड याहून पुष्कळ जास्त टिकतं. पण क्रम बहुधा हाच राहतो.

फळ्यांसाठी साग उत्तम. तो वाकत-फाटत कमी. बिजाही मजबूत असतो, मात्र ओला झाला की त्याचा पिवळट-तपकिरी डाग पडतो, म्हणून छप्पर गळत असेल तर आधी ते दुरुस्त करा. ऐन वजनाला भारी आणि ताकदीचा, पण वाळताना चिरतो. त्याच्या कड्या चांगल्या होतात. खिळा मारण्याआधी मात्र बारीक छिद्र पाडून घ्या. आंबा, सेमल आणि सालई माळ्याला वापरू नका.

नावापेक्षा गाभा पाहा

कोवळ्या झाडाचा सागही 'सागवान' म्हणूनच विकला जातो. त्यात गाभा थोडा असतो आणि बाहेरचं पांढुरकं लाकूड जास्त. या पांढऱ्या भागात पिठूळ अन्न साठलेलं असतं. भुंगा तिथेच शिरतो, वाळवीही (उधई) तिथेच आधी लागते. तेव्हा फळी उलटसुलट करून दोन्ही कडा बघा. पांढरा पट्टा दिसला तर तो तासून फळी किती उरेल, त्याचा हिशेब करा. टाचणीएवढी भोकं आणि खाली ताजं पीठ दिसलं, तर ती फळी घेऊच नका.

फळीचं टोकही बघा. तिथल्या वर्तुळाच्या रेषा उभ्या असतील तर फळी कमी आक्रसते. रेषा आडव्या कमानीसारख्या असतील तर ती रुंदीला जवळजवळ दुप्पट आक्रसते आणि पन्हळीसारखी वाकते.

ओली फळी बसवू नका

ओल्या फळ्या कितीही घट्ट बसवल्या तरी उन्हाळ्यात त्यांच्यात फटी पडतात आणि धान खाली गळतं. लाकूड वाळलं की नाही, हे ओळखायला सोपी युक्ती आहे. फळीच्या मधल्या भागातून एक तुकडा कापून किराणा दुकानाच्या काट्यावर तोला. आठ दिवस सावलीत ठेवून पुन्हा तोला. वजन उतरलं, तर लाकूड अजून ओलं आहे.

वाळवताना फळ्या सावलीत, जमिनीपासून हातभर उंच रचा. दर थरामध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या घाला, म्हणजे वारा खेळेल. टोकांना तैलरंगाचा हात द्या, म्हणजे चिरा कमी पडतील. बसवताना रंगाचा भाग कापून टाका. जुन्या घराची निरोगी फळी मिळाली तर सोडू नका. ती पुरती वाळलेली असते.

जाडी आणि बसवणी

एक इंचाऐवजी सव्वा इंचाची फळी घेतली, तर ती ओझ्याखाली जवळजवळ निम्मीच वाकते. कड्यांची जाडी आणि अंतर मात्र जाणत्या सुताराकडून ठरवून घ्या. कट्टे मधोमध न रचता भिंतीकडेने रचा. मातीच्या भिंतीतून वाळवी चढते, म्हणून फळीचं टोक भिंतीला टेकवू नका. कडीचं जे टोक भिंतीत जातं, तेच आधी कुजतं. दरवर्षी पावसाळ्याआधी तिथे पेचकस टोचून पाहा. तो सहज आत गेला, तर माळा आधी रिकामा करा.

कागद सांभाळा

लाकूड वन विभागाच्या आगारातून किंवा परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या. पावती आणि वाहतूक परवाना जपून ठेवा. साग आपल्या शेतातला असला, तरी १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमामुळे तोडण्याआधी परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा.

लक्षात ठेवा

१. गाभ्याचं लाकूड घ्या, पांढरं टाळा.
२. दोनदा तोलून वाळल्याची खात्री करा.
३. धान ठेवायच्या फळ्यांना जळकं ऑइल, डांबर किंवा कीटकनाशक लावू नका. ते धानात उतरेल.
४. कड्यांची टोकं दरवर्षी तपासा.