बाळंतिणींना आधीच कळलं होतं

आजची गोष्ट ऐकताना अंगावर काटा येईल, पण ती खरी आहे आणि बाळंतपणाचीच आहे.

ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहराच्या मोठ्या दवाखान्यात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि शिकाऊ विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. भरतीचे दिवस आलटून पालटून. १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या ११ बाळंतिणी दगावल्या, सुईणींकडे तीनसुद्धा नाहीत. बाळंतज्वर यायचा, पोट फुगायचं, काही दिवसांत बाई जायची.

तिथे येणाऱ्या बाया गरीब, कितीतरी बिनलग्नाच्या. पण कुठला विभाग जीव घेतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ‘तिकडे नको’ म्हणून त्या गुडघे टेकून विनवायच्या. काही तर वाटेतच बाळंत व्हायच्या, आणि नवल म्हणजे त्यांना हा ताप क्वचितच यायचा. मोठे डॉक्टर मात्र हवेला दोष देत बसले. अहो, हवा काय भिंतीपलीकडे बदलते?

इग्नाझ सेमेलवाइस हा तिथला तरुण डॉक्टर. आपण गटाची वही ठेवतो तसे त्याने दोन्हीकडचे आकडे मांडले. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचा एक डॉक्टर मित्र वारला. प्रेताची चिरफाड करताना विद्यार्थ्याची सुरी त्याला लागली होती, आणि लक्षणं थेट बाळंतज्वराची! तेव्हा उलगडा झाला. डॉक्टर सकाळी प्रेतं फाडायचे आणि त्याच हातांनी बाळंतिणींना आतून तपासायचे. साबणाने धुऊनही हातांचा वास जात नसे. सुईणी प्रेतांना हात लावत नव्हत्या.

मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. पुढे वापरलेली पूड म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या टीसीएल पावडरच्याच जातीची. (आज आपल्या हातांना ती लावायची नाही हं, साबण आणि वाहतं पाणी घ्या.) एप्रिलमध्ये शंभरात १८ मृत्यू होते, जुलैत जेमतेम एक.

तरी बऱ्याच मोठ्या डॉक्टरांना ते पटलं नाही. आपल्याच हातांनी बाया मेल्या, हे कोण कबूल करणार? १८४९ मध्ये त्याची नोकरी गेली. १८६५ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. तिथे दोन आठवड्यांत, जखमेचं विष अंगात भिनून तो गेला. वय ४७.