पाल्यांची प्रवेश-तयारी : वैद्यकीय आणि चित्रकला



हंगामात गट कार्यालयात तोडणीच्या तारखेची चौकशी होते, तशी जून-जुलैत एक वेगळीच चौकशी सुरू होते. "पोरगं बारावी झालं, आता पुढं काय घालायचं?" प्रश्न रास्त आहे, पण तो दोन वर्षे उशिरा विचारला जातो. आडसाली लागण करावयाची तर रान उन्हाळ्यातच तयार ठेवावे लागते; ऑगस्टमध्ये नांगर काढून चालत नाही. प्रवेशाचेही तसेच आहे. म्हणून ज्यांची मुले यंदा नववी-दहावीत आहेत, त्यांनी हा लेख विशेष लक्षपूर्वक वाचावा अशी विनंती आहे.

आमच्याकडे येणाऱ्या दहा पालकांपैकी सात-आठ जणांना मुलास वा मुलीस "डॉक्टर करायचं" असते. एखाददुसरा संकोचून सांगतो, "आमचं पोरगं दिवसभर चित्रं काढत बसतंय, त्याचं काय करावं?" या अंकात दोन्ही वाटांविषयी लिहीत आहोत.

प्रथम डॉक्टरीचे पाहू. एम.बी.बी.एस., बी.डी.एस., बी.ए.एम.एस., बी.एच.एम.एस. या सर्वांचा प्रवेश 'नीट' या एकाच देशपातळीवरील परीक्षेतून होतो. आपल्या राज्यात फिजिओथेरपीचा प्रवेशही नीटच्या यादीवरूनच होतो. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गास 50 टक्के व राखीव वर्गास 40 टक्के गुण लागतात, आणि इंग्रजीत पास असावे लागते. त्यापुढे बारावीचे गुण मोजले जात नाहीत. सारा खेळ नीटचा. पण पुष्कळ पालक बारावीला 85 टक्के पडले म्हणून पेढे वाटतात आणि नीटचा कागद पाहून गप्प होतात.

2025 च्या परीक्षेत 180 प्रश्न, 720 गुण आणि तीन तास असे स्वरूप होते. निम्मे म्हणजे 90 प्रश्न जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक व रसायन यांचे प्रत्येकी 45. बरोबर उत्तरास 4 गुण मिळतात, चुकलेल्यास 1 गुण कापला जातो. हा कापला जाणारा गुण मुले मनावर घेत नाहीत. एकाने 100 प्रश्न बरोबर सोडवून बाकीचे 80 कोरे ठेवले तर त्यास 400 गुण. दुसऱ्याने तेच 100 बरोबर सोडवले आणि उरलेले 80 अंदाजपंचे ठोकून सारे चुकवले, तर 320. ऐंशी गुणांत हजारो मुले पुढे निघून जातात. तेव्हा सराव परीक्षेत किती सोडवले यापेक्षा किती चुकले हे दर रविवारी घरात विचारावे. त्यासाठी बापाला जीवशास्त्र यावे लागत नाही.

दुसरा मोठा गैरसमज 'पात्र' या शब्दाचा. 2025 साली सुमारे 22 लाख मुलांनी परीक्षा दिली आणि 12 लाख 36 हजारांहून अधिक पात्र ठरली. देशभरातील एम.बी.बी.एस.च्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातही खाजगी कॉलेजे धरून. त्या वर्षी खुल्या वर्गास पात्रतेसाठी 720 पैकी 144 गुण पुरले. सरकारी जागेसाठी लागणारे गुण त्याच्या कितीतरी वर असतात. हा फरक ज्यांना ठाऊक नसतो त्यांच्याच दारात एजंट येतो. "पोरगं पात्र हाय तात्या, सीट आपल्या हातात हाय, पाच टक्के आधी द्या." आमच्या पाहण्यातील एका सभासदाने अशी रक्कम पावतीशिवाय दिली आणि तिच्यापायी ओढ्याकाठचे रान गहाण पडले. सीट मिळाली नाही, पैसेही नाहीत. सरकारी असो वा खाजगी, प्रवेश समुपदेशनाच्या यादीनेच होतो. सरकारी कॉलेजातील 15 टक्के जागा अखिल भारतीय यादीने आणि 85 टक्के राज्याच्या यादीने भरतात. यात मधल्या माणसाला जागाच नाही.

भाषेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपली मुले येथेच अडखळतात. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते; अर्ज भरतानाच तशी निवड करावी लागते. पण अकरावी-बारावी विज्ञानाची पुस्तके आणि शिकवणे इंग्रजीत असते. दहावीला 'प्रकाशसंश्लेषण' म्हणून पक्के केलेले अकरावीत 'फोटोसिंथेसिस' होऊन समोर येते आणि हुशार पोर वर्गात खाली मान घालून बसते. बुद्धी कमी नसते, शब्द नवा असतो. दहावीची परीक्षा संपल्यावर मोकळे अडीच महिने मिळतात. त्यात दोनशे पानी वही घालून एका बाजूस मराठी शब्द व दुसऱ्या बाजूस इंग्रजी लिहिण्याचा परिपाठ ठेवावा. पेशी म्हणजे सेल, ऊती म्हणजे टिश्यू, त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन. रोज पंधरा शब्द धरले तरी अकरावीचा पहिला दिवस हलका जातो. शिकवणीची फी भरण्याआधी हे करावे. वहीला फार पैसे पडत नाहीत.

आता डॉक्टरीखेरीजच्या वाटा. "डॉक्टर नाही तर काहीच नाही" म्हणून दोन-दोन, तीन-तीन वर्षे नीट देत बसलेली मुले गावोगाव आहेत. एकदा पुन्हा प्रयत्न करण्यास आमची हरकत नाही. पण पहिल्या खेपेस पात्रतेच्या आसपास रेंगाळलेल्या मुलास तिसऱ्यांदा बसवणे म्हणजे खोडव्याचा खोडवा राखण्यासारखे आहे. उतारा काय पडणार ते आपणच जाणता. चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग आहे. त्यासाठी राज्याची स्वतंत्र सी.ई.टी. असते आणि तीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी यांबरोबर नर्सिंगकडील कल पाहणारे प्रश्न असतात. तीन वर्षांच्या जी.एन.एम. नर्सिंगला कला शाखेतून बारावी झालेल्यांचाही विचार होतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. औषधनिर्माणशास्त्राची दोन वर्षांची पदविका आहे, आणि चार वर्षांच्या बी.फार्म. पदवीस एम.एच.टी.-सी.ई.टी. द्यावी लागते. या परीक्षेत चुकीच्या उत्तरास गुण कापत नाहीत, म्हणजे येथे प्रश्न कोरा ठेवणे हाच तोटा. एकच मूल नीट आणि सी.ई.टी. दोन्ही देत असेल तर त्याला हा फरक परीक्षेच्या आदल्या दिवशी पुन्हा सांगावा.

नर्सिंग म्हटले की काही घरांत अजून नाक मुरडतात. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात रात्री दोन वाजता सलाईन लावणारे हात कोणाचे असतात, एवढेच अशांना विचारावेसे वाटते.

चित्रकलेकडे वळू. येथे शब्दाचा घोटाळा आधी दूर करतो. 'कला शाखा' म्हणजे इतिहास-मराठीचे बी.ए., आणि आम्ही लिहितो आहोत ते बी.एफ.ए.विषयी, म्हणजे चित्रकला, शिल्पकला व उपयोजित कला यांच्या चार वर्षांच्या पदवीविषयी. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय 1857 साली निघाले. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर तेथेच शिकले आणि पुढे तेथेच शिकवू लागले, तेव्हा ही वाट आपल्या मुलखाला नवी नाही. नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय कला महाविद्यालये आहेत. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते, पण राज्याची कलेची सी.ई.टी. द्यावी लागते. ज. जी.स 2023 साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, म्हणून तेथील प्रवेशाची त्या त्या वर्षीची सूचना वेगळी पाहावी.

या सी.ई.टी.त वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असे विषय असतात. याची तयारी शहरातल्या महागड्या क्लासातच होते असे नाही. तांब्या, घमेले, विळा आणि उसाची मोळी खिडकीजवळ मांडून उजेड कोठून पडतो, सावली कोठे जाते हे रोज तासभर कागदावर उतरवले तर वस्तुचित्राचा हात बसतो. स्मरणचित्रात आपल्या मुलांची बाजू उलट भक्कम आहे. आठवडी बाजार, बेंदराची मिरवणूक, फडात मोळ्या बांधणाऱ्या बाया हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. मात्र माणसाची अंगयष्टी नुसत्या आठवणीवर काढता येत नाही. त्यासाठी घरची माणसे बसलेली, वाकलेली, ओझे उचलताना अशी भराभर रेखाटण्याची सवय हवी. आजोबा ओट्यावर झोपलेले असले तर उत्तमच, ते हलत नाहीत!

शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा द्याव्यात. त्या कला संचालनालय घेते. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाल्यास दहावीस 7, ब श्रेणीस 5 व क श्रेणीस 3 वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पुढे चित्रकला घ्यावयाची नसली तरी नुकसान नाही. शाळेत चित्रकला शिक्षक नसेल तर शेजारच्या गावच्या शाळेत चौकशी करावी. "चित्रं काढून पोट भरतंय व्हय?" असे विचारणाऱ्यांस एवढेच सांगतो की दुकानाची पाटी, औषधाचे खोके, शाळेचे पुस्तक, खताची पिशवी या साऱ्यावरची चित्रे आणि अक्षरे कोणीतरी काढलेलीच असतात, आणि उपयोजित कलेत हेच शिकवतात. कमाई लगेच सुरू होत नाही, पहिली काही वर्षे ओढाताणीची जातात, हेही खरे आहे.

दोन्ही वाटांवर खरी अडचण येते ती दाखल्यांची. एका सभासदाच्या मुलीचे गुण पुरेसे होते, राखीव जागाही होती, पण नॉन-क्रीमिलेअर दाखल्याची मुदत 31 मार्चलाच संपलेली निघाली आणि नवा मिळेपर्यंत ती फेरी हातची गेली. जातवैधतेचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करावा, निकालानंतर नव्हे. नॉन-क्रीमिलेअर दाखला प्रवेशाच्या वर्षानंतरच्या 31 मार्चपर्यंत चालणारा असावा. त्याच्या आठ लाखांच्या मर्यादेत शेतीचे उत्पन्न व पगार धरत नाहीत. मात्र धारण जमिनीची वेगळी अट आहे. याउलट केंद्राच्या आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्यास शेतीचे उत्पन्न धरतात, आणि पाच एकर वा अधिक शेतजमीन असल्यास तो मिळतच नाही. अधिवास आणि उत्पन्नाचे दाखलेही त्याच पिशवीत ठेवावेत.

फीचे सांगायचे तर, 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील मुलींस शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत झाली. व्यवस्थापन कोट्यातील जागेस ती नाही. खानावळ आणि खोलीभाडे घरूनच द्यावे लागते. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अर्ज महाडीबीटीवर करावयाचा असतो.

शेवटी एक पैशाच्या वेळेची गोष्ट. आपले उसाचे बिल हंगामात, म्हणजे हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर हाती येते. फी, डिपॉझिट, खोली, पुस्तके हे सारे मागितले जाते ऑगस्ट-सप्टेंबरात, जेव्हा कारखाना बंद असतो आणि खिसाही. मग सावकाराकडे धाव घ्यावी लागते. ज्यांचे मूल पुढील वर्षी बारावीला बसणार आहे, त्यांनी यंदाच्या पहिल्या बिलातूनच ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी. शैक्षणिक कर्ज काढावयाचे असल्यास सातबारा, आठ-अ व मुलाच्या गुणपत्रिका घेऊन मे महिन्यातच बँकेत बोलावे. प्रवेशाचे पत्र आल्यावर ते जोडता येते. महाडीबीटीचे अर्ज कसे भरावेत हे पुढील अंकात देत आहोत.