फळीवरचे सुळे

जर्मनी, ऑस्ट्रिया, पोलंड, हंगेरी या देशांतल्या शिकाऱ्यांच्या घरी एक ठरावीक मांडणी भिंतीवर दिसते. ओकच्या लाकडाची गोल किंवा ढालीच्या आकाराची फळी आणि तिच्यावर रानडुकराच्या नराचे चार सुळे. खालच्या जबड्यातले दोन लांब सुळे कमानीसारखे बाहेरच्या बाजूला, वरच्या जबड्यातले दोन आखूड, जाड सुळे त्यांच्या मध्ये, आणि मुळाकडची टोके चांदीच्या किंवा पितळेच्या ओकपानांखाली झाकलेली. खालच्या सुळ्यांना जर्मन शिकारी ‘गेवेर’ म्हणतात, वरच्यांना ‘हाडरर’. मांडणी देखणी असते, यात वाद नाही. पण ज्या जनावराची आठवण म्हणून ती टांगलेली असते, त्याच्याबद्दल ती फार थोडे सांगते. सांगण्यासारखे बरेच काही असते, ते सुळे साफ करतानाच कचऱ्यात गेलेले असते. सुळा जपायचाच असेल तर तो जबड्यासकट जपावा, सुटा करून मिरवू नये, असे माझे म्हणणे आहे. हा रुचीचा प्रश्न आहे असे कुणी म्हणेल. मला तो पुराव्याचा प्रश्न वाटतो.

आधी रचना पाहू. पूर्ण वाढलेल्या रानडुकराला ४४ दात असतात आणि त्यांतले फक्त चार सुळे. नराचे सुळे जन्मभर वाढत राहतात, कारण त्यांचे मूळ बंद होत नाही. टोकाला झीज होते आणि मुळाशी भर पडत जाते. खालचा सुळा तीनधारी असतो. त्याच्या दोन बाजूंवर इनॅमल असते, मागच्या बाजूवर ते नसते. नेमकी हीच उघडी बाजू वरच्या सुळ्यावर घासते. दाताच्या गाभ्यातले मऊ डेंटिन लवकर झिजते, कडेचे कठीण इनॅमल मागे उरते आणि धार आपोआप लागत राहते. वरचा सुळा म्हणजे खालच्याचा निसणा. खालच्या सुळ्याचा दिसतो तो भाग साधारण एक तृतीयांश, उरलेला दोन तृतीयांश जबड्याच्या हाडात कमानीने मागे गेलेला असतो. म्हणजे सुळा ही सुटी वस्तू नव्हेच. दोन जबडे आणि चार दात मिळून ते एक हत्यार होते, आणि त्यातला एक भाग काढला की बाकीच्याचा अर्थ बदलतो.

याची सगळ्यात ठळक साक्ष पॅसिफिक महासागरातल्या वानुआतू या द्वीपराष्ट्रात मिळते. तिथे पाळीव डुकराचे वरचे सुळे मुद्दाम काढून टाकतात. घासायला काही न उरल्याने खालचा सुळा वाढतच जातो, गालाशी वळतो आणि काही वर्षांत पुरे कडे तयार होते. कधी त्याचे टोक पुन्हा जबड्याच्या हाडात शिरते. असा सुळा तिथे प्रतिष्ठेचे मोठे धन समजला जातो. देश १९८० मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा राष्ट्रध्वजावर हाच वळलेला सुळा आला. संग्रहालयांत असे सुळे दोन्ही प्रकारे ठेवलेले आढळतात. सुटे कडे म्हणून ठेवलेला सुळा दागिन्यासारखा दिसतो. जबड्यात ठेवलेला मात्र त्या डुकराचे आयुष्य उघड करतो: टोक हाडात कुठे शिरले, हाडाने त्याभोवती काय केले, दाढा किती झिजल्या, जनावर किती वर्षे सांभाळले गेले.

आता साफसफाई कशी करतात ते पाहू, कारण नुकसान होते ते इथेच. रूढ पद्धतीत मुस्कट वरच्या-खालच्या जबड्यांसकट करवतीने कापतात. बाहेर दिसणाऱ्या सुळ्याच्या निदान तिप्पट अंतर मागे धरून कापायचे असते. हात आखडला तर करवत मुळातच शिरते आणि सर्वांत पातळ, सर्वांत नाजूक भाग जातो. मग तो तुकडा थंड पाण्यात ठेवून हळूहळू तापवतात, तास-दोन तास मंद आचेवर ठेवतात. मांस सुटले की सुळा पुढच्या बाजूने ओढून काढतात. तरण्या नराचा सुळा मुळाकडे रुंद असतो, त्यामुळे तो पुढून निघत नाही. मग हाड मागून फोडतात. गरम सुळा थंड फरशीवर ठेवला किंवा नळाखाली धरला की तडकतो, म्हणून तो कोमट पाण्यातच निवू देतात. आतला मऊ गर चिमट्याने आणि तारेने काढतात, पोकळी धुतात, सुळा कापडात गुंडाळून सावलीत सावकाश वाळवतात आणि शेवटी पोकळीत मेण किंवा इपॉक्सी भरतात.

एवढी काळजी घेऊनही सुळे फाटतात. त्याचे कारण हाताळणीत कमी आणि द्रव्यात जास्त आहे. वजनाने पाहिले तर डेंटिनमध्ये साधारण ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय द्रव्य आणि १० टक्के पाणी असते. इनॅमल मात्र ९६ टक्क्यांच्या आसपास खनिजच असते. पाणी उडाले की डेंटिन आकसते, इनॅमल जवळजवळ आहे तसेच राहते. दोन थर एकमेकांना चिकटलेले आणि त्यांतला एकच आकसणारा, मग चीर पडणारच, आणि ती सुळ्याच्या लांबीने पडते. दिवाणखान्यात शेकोटीच्या वर टांगलेल्या फळीवर हे वर्षानुवर्षे चालू राहते. पोकळीत ठासलेले इपॉक्सी आकसणाऱ्या भिंतीला आतून अडवते; काही वेळा सुळा सावरतो, काही वेळा चीर आणखी रुंदावते, आणि दोन्ही वेळा भरलेले पुन्हा काढता येत नाही. संग्रहालयातले जतनतज्ज्ञ पॅरालॉइड बी-७२ सारखे ॲसिटोनमध्ये पुन्हा विरघळणारे ॲक्रिलिक पसंत करतात ते याचसाठी. ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचे द्रावण तर वापरूच नये. ते सेंद्रिय द्रव्य खाते, आणि आज पांढरेशुभ्र दिसणारे हाड पुढे खडूसारखे भुसभुशीत होते. हाडासाठी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड पुरते. सुळ्याला तेही लावू नये. त्याच्यावरचा तपकिरी डाग ही घाण नव्हे, हिरडी कुठपर्यंत होती त्याची ती खूण आहे.

सुळा जबड्यासकट जपण्यावरचा पहिला आक्षेप मोजमापाचा, आणि तो जोरकस आहे. १९३० मध्ये स्थापन झालेल्या सीआयसी या आंतरराष्ट्रीय शिकार परिषदेच्या पद्धतीत खालच्या दोन सुळ्यांची सरासरी लांबी सेंटिमीटरमध्ये, त्यांच्या सरासरी रुंदीचे मिलिमीटर गुणिले तीन, आणि वरच्या दोन्ही सुळ्यांचा घेर यांची बेरीज करून वर सौंदर्याचे थोडे गुण देतात. ११० गुणांना कांस्य, ११५ ला रौप्य, १२० ला सुवर्ण. सुळा बाहेर काढल्याशिवाय हे मोजता येत नाही. शिवाय नराचे वय ताडण्याची एक जर्मन रीत सुट्या सुळ्यावरच चालते: मुळाजवळची रुंदी आणि झीज सुरू होते तिथली रुंदी यांची तुलना करायची. तरण्या नरात मूळ बरेच रुंद, वय वाढेल तसा फरक मिटत जातो. हे सगळे मान्य. पण सुळा मोजण्यासाठी काढणे वेगळे आणि कायमचा सुटा करणे वेगळे. वयस्क नराचा सुळा शाबूत निघतो आणि न चिकटवता तसाच परत बसतो. हाड फोडावे लागते ते तरण्या नरात, आणि त्याचे वय तर दाढाच सांगतात: शेवटची दाढ साधारण दोन वर्षांच्या सुमारास उगवते आणि पुढे तिच्या माथ्यावरची झीज बोलू लागते. शिवाय ज्या मुळाची रुंदी वय सांगते तेच ओकपानांखाली झाकायचे, हा मोजमापाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा विरोधाभासच म्हणायचा.

दुसरा आक्षेप रोगराईचा. जबड्याच्या हाडात मज्जा आणि चरबी असते, सुटा सुळा त्या मानाने निर्धोक. आफ्रिकन स्वाइन फीवर माणसाला बाधत नाही, पण डुकरांचे कळप संपवतो, आणि त्याचा विषाणू मज्जेत महिनोन्महिने टिकू शकतो. सप्टेंबर २०२० मध्ये तो ब्रांडेनबुर्गमधल्या रानडुकरात सापडला तेव्हापासून जर्मनीत ही भीती पुस्तकी राहिलेली नाही. मात्र बाहेरून येणाऱ्या अशा वस्तूंसाठी युरोपीय संघाचा २०११ चा नियम हाड, शिंग आणि दात यांत फरक करत नाही. उकळत्या पाण्यात बुडवून हाडादातांखेरीज सगळे काढा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या द्रव्याने निर्जंतुक करा, असे तो सांगतो. जबडा ही अट पुरी करू शकतो. तिथे कोमट पाण्यात आठवडेच्या आठवडे कुजवण्याची किंवा डर्मेस्टिस भुंगेऱ्यांकडून हाड चाटून घेण्याची संग्रहालयी पद्धत एकटी पुरणार नाही, हे खरे, आणि उकळण्याने पुढचे एकमुळी दात गळून पडतात, हेही खरे. ते गाळणीत जपून आपापल्या खोबणीत परत बसवावे लागतात. म्हणजे काम वाढते. जबड्याला कंटाळण्याचे खरे कारण बहुधा हेच असावे.

तिसरा आक्षेप परंपरेचा. ग्रीसमध्ये मायसीनी काळातले योद्धे रानडुकराच्या सुळ्यांचे शिरस्त्राण घालत; ‘इलियड’मध्ये त्याचे वर्णन आहे आणि डेंड्रा इथल्या थडग्यात १९६० मध्ये काशाच्या चिलखतासोबत त्याच्या सुळ्यांच्या पट्ट्या मिळाल्या. त्या कारागिरांनी सुळे उभे चिरले, कडा घासल्या, भोके पाडली आणि ओळीने शिवले; एका शिरस्त्राणाला तीस-चाळीस जनावरे लागत. सुळा उभा फाटतो हा त्याचा दोषच त्यांनी कामाला लावला. परंपरा जुनी आहे, पण ती सुळ्याकडे कच्चा माल म्हणून पाहणारी आहे. फळीचा दावा उलटा आहे. ती एका विशिष्ट जनावराचे स्मारक असल्याचे सांगते. मग त्या जनावराचे वय, आहार आणि झीज ज्यात नोंदली आहे तोच भाग गाळणे तिला कसे परवडते?

आपल्याकडे हा प्रश्न भिंतीचा नाही, कारण कायद्याने तो तसा ठेवलेलाच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकांच्या नासाडीमुळे परवानगी घेऊन मारलेले जनावर ही शासनाची मालमत्ता ठरते, शेतकऱ्याला त्याचा सुळा आठवण म्हणून ठेवता येत नाही. पण याच कायद्याचे बारावे कलम संशोधन आणि संग्रहालयांच्या नमुन्यांसाठी वेगळी वाट देते, आणि महाराष्ट्रात त्या नमुन्यांची गरज खरी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात उत्खननातून निघालेल्या प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास चालतो; घोड नदीकाठच्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतली हाडेही तिथेच अभ्यासली गेली. मातीतून आलेला डुकराच्या जबड्याचा तुकडा रानटी की पाळीव, हे ठरवायला अभ्यासक शेवटच्या दाढेची लांबी मोजतात आणि ती आजच्या ज्ञात जनावरांच्या दाढांशी ताडून पाहतात. त्या तुलनेला लागतात ठिकाण, लिंग आणि तारीख लिहिलेले, दाढा शाबूत असलेले अख्खे जबडे. ओकच्या फळीवरचे चार सुळे तिथे कुणी मागणार नाही.